प्रतीची प्रत कोणी ठरवावी?

मराठीत ‘प्रत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुस्तकाची प्रत म्हणजे त्याचा एक नग, आणि मालाची प्रत म्हणजे त्याचा दर्जा. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ गुण्यागोविंदाने नांदत आले, कारण प्रत हातात घेणारा माणूसच तिची प्रत ठरवीत असे. रद्दीच्या दुकानात काय किंवा सीताबर्डीच्या फुटपाथवर काय, गिऱ्हाईक अंक उचली, पाने चाळी, पिना पाही, नाक जवळ नेऊन ओलीचा वास घेई आणि मग भावाला तोंड लावी. अलीकडे या दोन अर्थांची ताटातूट करणारा एक धंदा निघाला आहे. प्रत एकाच्या हाती आणि तिची प्रत ठरविणारा दुसराच. तोही दूरदेशीचा, निनावी, आणि कारण सांगण्यास न बांधलेला. या धंद्याविरुद्ध मला बोलावयाचे आहे. आणि त्याहूनही अधिक, त्याच्या आकड्यापुढे निमूटपणे मान तुकविण्याच्या आपल्या वृत्तीविरुद्ध बोलावयाचे आहे.

विषय जुन्या कॉमिक अंकांचा आहे हे ऐकून काही वाचक हसतील. शाळेत शिकविणाऱ्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने वेताळाच्या अंकावरून भांडावे, हे त्यांना हास्यास्पद वाटेल. त्यांनी खुशाल हसावे. पण हसून झाल्यावर एक हिशेब पाहावा. १९३९ साली अमेरिकेत दहा सेंटला विकल्या गेलेल्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाच्या एका प्रतीला नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात ९१ लाख २० हजार डॉलर आले. त्या प्रतीची प्रतवारी होती दहापैकी ९.०. त्याच अंकाच्या फाटक्यातुटक्या प्रतींनाही मोल आहे, पण ते या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही. कागद तोच, चित्रे तीच, गोष्ट तीच, फरक आकड्याचा. ज्या आकड्याने एवढी उलाढाल होते तो कोण ठरवितो, कशावरून ठरवितो आणि तो चुकला तर दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रश्न पोरखेळाचे नाहीत.

ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००० साली अमेरिकेत सीजीसी नावाची संस्था निघाली. संग्राहकाने शुल्क भरून आपला अंक तिच्याकडे पाठवावा. तिच्या तपासनिसांनी तो पाहावा, पाने मोजावीत, कोठे डागडुजी किंवा कातरकाम झाले आहे काय याचा शोध घ्यावा, आणि मग ०.५ पासून १० पर्यंतच्या मापपट्टीवर त्याला एक आकडा द्यावा. त्यानंतर अंक पारदर्शक प्लास्टिकच्या टणक पेटीत कायमचा बंद होतो आणि माथ्यावर आकड्याची चिठ्ठी लागते. याच धर्तीवर पुढे आणखी संस्था निघाल्या. ऑनलाइन बाजारात अशा पेट्यांची खरेदी-विक्री जगभर चालते आणि आता आपल्याकडचे इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथेचे जुने अंकही असे पेटीबंद होऊन विक्रीला येऊ लागले आहेत.

असाच एक साठीच्या दशकातला इंद्रजालचा अंक मी ऑनलाइन विकत घेतला. पेटी वर सांगितलेल्या संस्थेची नव्हती, तिच्यासारख्याच दुसऱ्या एका संस्थेची होती. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण माझे भांडण एका नावाशी नाही. चिठ्ठीवर आकडा होता ८.५. या मापपट्टीच्या परिभाषेत ही ‘अत्युत्तम’हून किंचित वरची प्रत. पेटी उजेडात धरली तेव्हा प्लास्टिकमधून जे दिसले ते असे. खालच्या पिनेचा गंज मुखपृष्ठात उतरून त्याचे तपकिरी कडे झाले आहे. मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी चढून वाळल्याची नागमोडी रेषा आहे. अंकाचा कणा एका बाजूला कलला आहे. या तीन दोषांसह तो अंक माझ्या हिशेबाने सहाच्या वर जाऊ शकत नाही. रद्दीतून आणि बंद पडलेल्या वाचनालयांतून वीस वर्षे वेचून जमविलेले याच मालिकेचे चाळीसएक अंक माझ्या कपाटात आहेत; कोणता डाग किती जुना, कोणता गंज पिनेपुरता आणि कोणता कागद खाणारा, हे मला हाताने कळते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. प्रतवारीचे प्रमाणपत्र तर माझ्याजवळ मुळीच नाही. पण ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही त्याने आपल्या डोळ्यांची साक्ष काढू नये, असा कायदा अजून झालेला नाही.

मी विक्रेत्याला लिहिले. त्याचे उत्तर आले: मी ८.५चा अंक म्हणून विकला, चिठ्ठीवर ८.५ आहे, माझे वचन पूर्ण झाले. मी संस्थेला लिहिले. तिचे उत्तर आले: आमचा करार अंक पाठविणाऱ्याशी होता, आपल्याशी नाही, आपणास शंका असल्यास नवे शुल्क भरून अंक पुन्हा तपासणीस पाठवावा. या फेरतपासणीचा आणि दोन्हीकडच्या टपालाचा खर्च अंकाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत होता. म्हणजे विक्रेता चिठ्ठीकडे बोट दाखवितो, चिठ्ठी देणारा कराराकडे बोट दाखवितो, आणि ज्याने पैसे मोजले तो दोघांच्या मध्ये उभा राहतो.

आता मुद्द्यावर येते. माझा पहिला आक्षेप असा की कारणांवाचून दिलेला आकडा हा निर्णय नव्हेच. तो हुकूम आहे. मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासते आहे. विद्यार्थ्याला शंभरपैकी साठ गुण देताना कोणत्या प्रश्नाला किती दिले आणि कोठे कापले याची नोंद मला करावीच लागते. ती केली नाही तर माझे साठ आणि लहर यांत भेद उरत नाही. पूर्वी परीक्षकाचा शब्द अखेरचा मानीत. पण ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला आहे. आज आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा विद्यार्थी शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेतो, शिक्षकाला दाखवितो आणि मग पुनर्मूल्यांकन मागतो. या व्यवस्थेने परीक्षकांची अप्रतिष्ठा झाली नाही. उलट ते अधिक जपून लाल शाई चालवू लागले. जो अधिकार पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या गुणांबाबत आहे, तो हजारो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला त्याच्या अंकाबाबत का नसावा? काही संस्था तपासनिसांची टिपणे ठेवतात आणि मागणाऱ्यास दाखवितात, हे मला ठाऊक आहे. ती चांगलीच गोष्ट आहे. पण ती मागून मिळण्याची आहे आणि आकडा मात्र न मागता माथ्यावर मिरवतो. माझ्या अंकाबाबत तर टिपण मागूनही मिळाले नाही.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, सोन्याचा कस तुम्ही सराफाच्या शब्दावर मानता, मग कागदाचा कस तज्ज्ञाच्या शब्दावर मानावयास काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती सोन्याच्या उदाहरणातूनच स्पष्ट होते. इतवारीच्या सराफ्यात आज दागिना घेतला तर त्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. बावीस कॅरटच्या दागिन्यावरच्या ९१६ या आकड्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोने. हा आकडा खोटा वाटला तर मान्यताप्राप्त केंद्रात मला दागिना तपासून घेता येतो, तेथे अग्निपरीक्षा होते, आणि सोने कमी भरले तर जेवढे कमी भरले त्याच्या दुप्पट भरपाईची तरतूद नियमांत आहे. म्हणजे मोजता येईल अशी गोष्ट, मोजण्याची ठरलेली रीत, आणि चुकल्यास दंड, हे तिन्ही तेथे आहेत. कॉमिकच्या ८.५मध्ये यांतले एकही नाही. साडेआठ कशाचे? गंजाचे की कण्याचे? कोणत्या मुशीत घालून मोजले? आकडा दशांशात लिहिला की तो मोजमापासारखा दिसतो. पण दिसणे आणि असणे यांत अंतर असते. मत आकड्याच्या वेषात आले म्हणजे त्याचे माप होत नाही.

मताने केलेली प्रतवारी विदर्भाला नवी नाही. १९७२ साली सुरू झालेल्या आणि आता इतिहासजमा झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत ‘ग्रेडर’ हा शब्द आमच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. ग्रेडर गाडीतल्या कापसात हात घाली, मूठभर कापूस ओढून धागा ताणून पाही, कचरा पाही, ओल पाही आणि प्रत सांगे. त्या प्रतीवर शेतकऱ्याचा हंगाम ठरे. भांडणे होत, रुसवेफुगवे होत, आणि कित्येकदा अन्यायही होत असे. पण एक गोष्ट तेथे होती: माल उघडा होता आणि मालाचा धनी समोर उभा होता. ‘साहेब, दुसरीकडून हात घालून पाहा,’ असे तो म्हणू शकत असे. आजही हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे खरेदी नाही, हे ठरलेले आहे, आणि ओलावा यंत्र लावून शेतकऱ्याच्या देखत मोजता येतो. पेटीबंद कॉमिकच्या खरेदीदाराला कापसाच्या गाडीजवळच्या त्या शेतकऱ्याएवढाही वाव नाही.

दुसरा आक्षेप मापपट्टीवर आहे. आकड्यांनी प्रत सांगण्याची ही कल्पना नाण्यांच्या संग्राहकांकडून आली. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मापपट्टी सुचविली. तिच्यामागचा विचार असा होता की ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. म्हणजे आकडा जन्मला तोच बाजारभावाच्या कुशीत. पुढे भावाची ती पटी कोलमडली. आकडे तेवढे राहिले. कॉमिकच्या मापपट्टीतही हे जन्मखूण असल्यासारखे दिसते. दोनपासून नऊपर्यंत तिच्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या आहेत. नऊच्या वर मात्र ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १० अशा दाटीवाटीने पायऱ्या लावल्या आहेत. सात आणि साडेसात यांच्यामध्ये डोळ्याला काही दिसत नाही, आणि ९.८ व ९.९ यांच्यामध्ये दिसते, असा हा कोणता डोळा? माणसाची नजर वरच्या टोकाला अशी एकाएकी तीक्ष्ण होत नाही. वरच्या टोकाला पैसा दाट आहे, म्हणून पायऱ्या दाट आहेत.

आणि हा आकडा किती स्थिर आहे, याची साक्ष संग्राहकांचाच व्यवहार देतो. मनासारखा आकडा मिळाला नाही तर पेटी फोडून तोच अंक पुन्हा पाठवावयाचा आणि अधिक वरचा आकडा मिळतो काय ते पाहावयाचे, अशी रीतच पडून गेली आहे. अंक पाठविण्यापूर्वी तो उष्णता आणि दाब देणाऱ्या यंत्रात घालून त्याच्या सुरकुत्या काढतात. अमेरिकेतल्या प्रमुख संस्थेच्या नियमांत ही डागडुजी गणली जात नाही. २०२३ सालच्या अखेरीस तर तेथे असे प्रकरण उघडकीस आले की, जुनी पेटी बदलून देण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन उंच आकड्याच्या चिठ्ठीखाली हलक्या प्रती सरकविल्या गेल्या होत्या. संस्थेने ते मान्य केले आणि शोध घेतला, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण यातून शिकावयाचे ते हेच की आकड्याच्या खाली काय आहे हे शेवटी डोळ्यांनीच पाहावे लागते.

आणि नेमके हेच पेटी करू देत नाही. माझा तिसरा आणि मुख्य आक्षेप हा आहे. गंज मुखपृष्ठावर दिसतो तेव्हा त्याचा खरा प्रश्न आत असतो: मधली पाने पिनेला धरून आहेत की सुटली आहेत? ते पाहावयाचे तर पेटी फोडावी लागते. पेटी फोडली की चिठ्ठी बाद होते. चिठ्ठी बाद झाली की विक्रेता म्हणतो, मी विकलेली वस्तू ही नव्हे. तक्रारीचा पुरावा मिळवावयाचा तर तक्रारीचा आधारच नष्ट करावा लागतो. ज्या निर्णयाची तपासणी केली असता तपासणाऱ्याचाच हक्क बुडतो, असा निर्णय कोणत्या न्यायाने बंधनकारक मानावयाचा? ई-व्यापारासाठी २०२० साली केंद्र सरकारने केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट म्हटले आहे की जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. विक्रेत्यांनी यातून काढलेली पळवाट मोठी चतुराईची आहे. ते गुणधर्म सांगतच नाहीत. ते आकडा सांगतात. ‘पिनांना गंज नाही’ असे लिहिले तर ते खोटे ठरू शकते. ‘८.५’ असे लिहिले तर ते चिठ्ठीइतकेच खरे राहते. आकडा हा अशा रीतीने वर्णनाची जागा घेतो आणि वर्णनाची जबाबदारी मात्र टाळतो.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मी नाकारीत नाही. ऑनलाइन बाजारात विकणारा आणि घेणारा परस्परांना अनोळखी असतात. छायाचित्रात पान गहाळ असल्याचे दिसत नाही, कडा कातरून सारख्या केल्याचे दिसत नाही, रंगाने डाग बुजविल्याचे दिसत नाही. अमर चित्र कथेसारख्या १९६७ साली सुरू झालेल्या मालिकेच्या अंकांची पुन्हापुन्हा इतकी छपाई झाली की पहिली छपाई कोणती हे ओळखणे हे जाणकाराचेच काम आहे. नुसत्या क्रमांकावर जावे तर तीत पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे, आणि पौराणिक कथांचा आरंभ करणारा ‘कृष्ण’ अकरावा. पाने पूर्ण आहेत, छपाई मूळची आहे, डागडुजी झालेली नाही, असे प्रमाणपत्र कोणी देत असेल तर ते मी आनंदाने घेईन आणि त्याचे शुल्कही देईन. कारण ही तीनही विधाने तपासून खरी-खोटी ठरविता येतात. माझा विरोध तपासणीला नाही. तपासणीच्या पुण्याईवर न तपासता येणारा आकडा खपविण्याला माझा विरोध आहे.

येथवरचे भांडण पैशाचे आणि हक्काचे झाले. याच्या पलीकडे एक भांडण आहे आणि ते मला अधिक जवळचे वाटते. ही मापपट्टी कशाला गुण देते? न उघडलेल्या पानाला, न हाताळलेल्या कण्याला, शुभ्र कागदाला. आदर्श प्रत कोणती, तर जी कोणी वाचली नाही ती. आता आमचा अंक पाहा. टाइम्सच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ होऊन घरोघर आला, मांड्रेक आला, पुढे १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला. १९९० साली मालिका बंद पडली. हे अंक पेटीत जपण्यासाठी निघालेच नव्हते. स्वस्त कागदावर छापलेले, दोन पिनांवर तोललेले हे अंक दिवसाच्या भाड्याने वाचनालयातून येत. आमच्या लहानपणी एक अंक एका दुपारी चार भावंडे वाचीत आणि संध्याकाळी तो परत जाई. वाचनालयवाला मुखपृष्ठावर रबरी शिक्का मारी, पाचसहा अंक एकत्र शिवून बांधी, फाटल्यास खळ लावी. आणि आमच्या नागपूरची हवा! उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाऊन कागद पापडासारखा कडक व्हावयाचा. त्याच खोलीत कूलर लावला की त्याच्या ओल्या वाऱ्याने पिना गंजावयाच्या. मग पावसाळा आणि कसर. या सगळ्यातून जो अंक वाचला तो वाचला.

अशा अंकावरचा वाचनालयाचा शिक्का मापपट्टीच्या लेखी दोष आहे. कोणा मुलाने शाईने लिहिलेले आपले नाव आणि इयत्ता हा दोष आहे. शिवणीची भोके हा दोष आहे. मला विचाराल तर मराठी मुलांनी काय वाचले, कोठे वाचले, कितीजणांनी मिळून वाचले याचा तोच पुरावा आहे. अमेरिकेत सुपरमॅनच्या पहिल्या अंकाविषयी बारीकसारीक माहितीचे ग्रंथ आहेत. तेथे एका प्रतीवरचा शिक्का नोंदला गेला नाही म्हणून काही अडत नाही. आपल्याकडे इंद्रजालच्या मराठी अंकांच्या वाचकांविषयी शिक्क्यांखेरीज आणि आठवणींखेरीज फार थोडे हाती आहे. तेव्हा जी मापपट्टी वाचकाच्या खुणेला दोष म्हणते ती आमच्या अंकांना लावणे म्हणजे गावच्या विहिरीचा दोर झिजला म्हणून विहीर वाईट ठरविण्यासारखे आहे.

वेताळाच्या हातात दोन अंगठ्या असतात. एकीची खूण कवटीची. ती दुष्टाच्या जबड्यावर उमटली की जन्मभर पुसली जात नाही. दुसरीची खूण शुभ. ती ज्याला लाभते त्याला अभय मिळते. प्रतवारी करणाऱ्यांच्या हातीही आज अशा दोन अंगठ्या आल्या आहेत: खालच्या आकड्याचा अंक कायमचा बदनाम, वरच्या आकड्याचा अंक कायमचा सुरक्षित. पण वेताळ ठोसा लगावण्यापूर्वी अपराध कोणता ते पाहून घेई. या बाबतीत त्याची न्यायबुद्धी अधिक वरची म्हणावी लागेल.

मग करावयाचे काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. आकड्याबरोबर कारणे हवीत. कोणता दोष कोठे आहे आणि त्यापायी किती कापले हे चार ओळींत लिहिता येते. पेटीत बंद करण्यापूर्वी काढलेली मधल्या पानांची आणि पिनांची छायाचित्रे प्रत्येक खरेदीदाराला पाहता आली पाहिजेत. फेरतपासणीत संस्थेचा आकडा चुकलेला निघाला तर तिचा खर्च संस्थेने सोसावा, आणि तक्रारीचा हक्क अंकाबरोबर पुढच्या धन्याकडे जावा. विक्रेत्याने आकडा सांगूनही अंकाचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करावे आणि त्या शब्दांना बांधील राहावे. यांतली एकही मागणी अशक्य नाही. शाळेतल्या मास्तरांकडून आणि इतवारीच्या सराफाकडून समाजाने याच गोष्टी केव्हाच मागून घेतल्या आहेत.

आणि संग्राहकांकडे, विशेषतः मराठी संग्राहकांकडे, माझे एक मागणे आहे. विकत घ्यावयाचा तो अंक घ्या, आकडा घेऊ नका. चिठ्ठीवर काहीही असो, प्लास्टिकमधून जे दिसते ते लिहून काढा, विक्रेत्याला पाठवा, उत्तर लेखी मागा. तज्ज्ञ रागावेल या भीतीने गप्प बसू नका. असहमती हा उद्धटपणा नाही. आणि आपल्यापाशी असलेल्या मराठी अंकांची यादी करताना क्रमांक आणि वर्ष यांच्याशेजारी कोणत्या वाचनालयाचा शिक्का आहे, कोणत्या गावाचे नाव आहे, हेही टिपून ठेवा.

हे लिहिताना दिवाळीची साफसफाई चालू आहे. घरोघरी माळे झाडले जात आहेत, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत जुने अंक किलोच्या भावाने पडत आहेत. त्यांतल्या एखाद्या गठ्ठ्यात वेताळाचे दोनचार मराठी अंक असतील, पिना गंजलेले, कोपरे दुमडलेले, शिक्के मारलेले. कोणत्याही मापपट्टीवर त्यांना दोनहून अधिक गुण मिळावयाचे नाहीत. तरीही गठ्ठा बांधण्यापूर्वी तो एकदा सोडून पाहावा, एवढेच मी सांगेन.